न थकणारी गाळणी

विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव गाळणीबाई ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच तासाला त्या वर्गाला सांगत, "पाठीमागे काय म्हणता ते माहीत आहे मला. समोर मॅडम म्हणा, म्हणजे झालं." पर्यावरण अभियांत्रिकीच्या त्या प्राध्यापिका. पिण्याच्या पाण्यात जे नको ते बाहेर कसं काढायचं, हा त्यांचा विषय. पण नाव काही नुसतं विषयावरून पडलेलं नव्हतं. बाई सगळंच गाळून घेत. उशीर का झाला याचं कारण कुणी सांगितलं की ते गाळत, कारकुनाने 'साहेब बैठकीत आहेत' म्हटलं की तेही गाळत, आणि तळाशी काय उरलं ते ज्याचं त्याला दाखवत. लग्नाला गेल्या तर आधी पर्समधून बोटभर बाटली काढून तिथल्या पाण्याचा नमुना घेत, मग नवरा-नवरीला भेटत. त्यामुळे लग्नाची आमंत्रणं हळूहळू कमी झाली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, आणि लग्नघरची मंडळी तर सुटलीच.

त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. म्हणजे गंमत बघा, नवरा दिवसभर लोकांच्या दातांना फ्लोराइड लावणार आणि बायको लोकांच्या पाण्यातून तेच फ्लोराइड काढणार. ते थोडं असलं तर दात बळकट होतात. जास्त झालं तर दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडंसुद्धा वाकतात. तेव्हा दोघांचंही बरोबरच होतं. पण संसारात दोघांचं बरोबर असणं हीच तर खरी अडचण असते. "तू काढून टाकतेस म्हणून मला लावत बसावं लागतं," डॉक्टर म्हणत. "तुम्ही लावलेलं लोक चूळ भरून टाकतात, ते शेवटी माझ्याच पाण्यात येतं," बाई म्हणत. तीस वर्षं हे भांडण चाललं होतं, आणि ते मिटू नये अशी दोघांचीही इच्छा होती.

अकरा वर्षं बाई एका गाळणीच्या मागे लागल्या होत्या. एकावर एक ठेवलेली दोन पिंपं. वरच्या पिंपात पांढऱ्या दाण्यांचा थर. पाणी त्यातून ठिबकत खालच्या पिंपात उतरायचं आणि फ्लोराइड दाण्यांना चिकटून वरच राहायचं. वीज नको, पंप नको. दाणे नेमके किती भाजायचे, एवढं ठरवण्यातच पहिली सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत प्रयोगशाळेच्या दोन भट्ट्या कामी आल्या आणि प्रयोगशाळेचा सगळा कारभार बघणाऱ्या मामांची अर्धी मिशी जळाली. मामांनी उरलेली अर्धीही काढून टाकली आणि परत कधी ठेवली नाही. "गाळणी पास झाली की ठेवीन," ते म्हणायचे.

पास व्हायचं म्हणजे कुठे, तर डोंगरापलीकडच्या खाणीच्या वस्तीत. तिथे चाळीस घरं. बोअरच्या पाण्यात लिटरमागे चार मिलिग्रॅम फ्लोराइड, जिथे दीडच्या वर चालत नाही. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणजे थोरली आजी. तिची पाठ अशी वाकलेली की तिला आधी समोरच्याच्या चपला दिसत, मग मान तिरकी करून चेहरा. तिच्या घरात तीन महिन्यांची, अजून आईच्या दुधावरची नात होती. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं होतं, "दुधाचे दात सोड, ते पडायचेच आहेत. पण पुढे जे कायमचे येणार ते आत्ता हिरडीत तयार होताहेत. चार-पाच वर्षांची होईपर्यंत जे पाणी पोटात जाईल, तेच दातावर लिहिलं जाईल."

तर चाळीस घरांत चाळीस गाळण्या बसल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई आणि मामा जीपने जाणार, घरटी एक बाटली पाणी घेणार, परत येऊन तपासणार. बाईंचं काम शिस्तीचं. आदल्या दिवशी वस्तीत निरोप जायचा, म्हणजे कुणी कामावर निघून जायला नको. नऊ महिन्यांनी पाणीपुरवठा मंडळापुढे निकाल ठेवायचा होता. गाळणी पास झाली तर डोंगरापलीकडच्या सगळ्या वस्त्यांत मिळून दोन हजार गाळण्या बसणार होत्या, आणि धरणावरून नळ न्यायची जी योजना कागदावर होती ती गुंडाळून ठेवायची होती. मंडळाला घाई होती. गाळणी जीपमध्ये बसून जाते, नळाला डोंगर फोडावा लागतो.

निकाल आले, आणि असे आले की विभागात कुणाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पहिले चार महिने चांगले. पाचव्यापासून तर त्याहून चांगले. विभागप्रमुखांना फलक लावायची भारी हौस. कुणाला सर्दी झाली तरी ते 'लवकर बरे व्हा'चा फलक छापून आणत. त्यांनी दाराशी मोठ्ठा 'हार्दिक अभिनंदन' टांगला आणि त्यावर बाईंचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो छापला. बाईंच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. का चढू नये? अकरा वर्षं त्यांना कुणी बरं म्हटलं नव्हतं. विद्यार्थी दर महिन्याला सरासरी काढून आणत, बाई ती बघून हसत आणि फाईल बंद करत. आयुष्यभर सगळं गाळून घेणाऱ्या बाईंनी आपल्या आवडीचा आकडा मात्र तसाच गिळला.

माशी शिंकली ती नवव्या महिन्यात, मंडळाची बैठक तीन दिवसांवर आली तेव्हा. डॉक्टर संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणाले, "अगं, तुझे ते दाणे कधीतरी थकायचे ना?"

"पाच-सहा महिन्यांत थकतात. मग तुरटीच्या पाण्यात धुवावे लागतात."

"मग थकले?"

बाईंनी कप खाली ठेवला. दाणे थकायला हवे होते. गाळणी थकणार, आकडा वर चढणार, मग दाणे धुवायचे, असंच तर त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं. आणि इथे तीन-चार महिने जास्त होऊनही गाळणी ताजीतवानी! जगात न थकणारी वस्तू एकच, ती म्हणजे विभागप्रमुखांची जीभ. बाई तशाच उठून प्रयोगशाळेत गेल्या, आणि पहिल्यांदाच सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक घराचा आकडा वाचायला बसल्या.

पहिल्या चार महिन्यांत कुठे शून्य पॉइंट सहा, कुठे शून्य पॉइंट नऊ, कुठे एकला टेकलेलं. हे ठीक होतं. चाळीस घरांत चाळीस हातांनी भरलेलं पाणी, ते थोडंफार पुढेमागे होणारच. पाचव्या महिन्यापासून मात्र चाळीसही घरांत शून्य पॉइंट तीन. सहाव्यात तेच, सातव्यात तेच. बाईंनी क्षारांचा रकाना बघितला, आणि बोट ठेवून पुन्हा बघितला. त्यांची गाळणी फ्लोराइड पकडते, बाकीच्या क्षारांना हात लावत नाही. म्हणजे बोअरचे क्षार गाळल्यावरही जसेच्या तसे दिसायला हवेत. पहिले चार महिने ते दिसत होते. पाचव्यापासून गायब.

"मामा," बाई म्हणाल्या, "हे आपलं पाणीच नाही."

मामांनी आपल्या नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. "बाटल्या थंड लागायच्या," ते म्हणाले. "भर उन्हात. मला वाटलं, गाळणीचा गुण असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खूश होता, मॅडम. म्हटलं, जाऊ दे."

बुधवारी, बैठकीच्या आदल्या सकाळी, बाई कुणालाही निरोप न देता वस्तीत जाऊन थडकल्या. थोरल्या आजीने चपला ओळखल्या आणि मान तिरकी करायच्या आधीच ओरडली, "अगं बाई! आज सोमवार नाही!"

"नाही. आज बुधवार. गाळणी बघायची आहे."

"गाळणी ना... बसा की आधी. चहा टाकते."

"चहा नको, उशीर होतोय," बाई म्हणाल्या आणि आत शिरल्या. खालचं पिंप कोरडं ठणठणीत. वरच्या पिंपावर झाकण नव्हतं, आणि आत, सहा वर्षं भाजून भाजून अचूक केलेल्या पांढऱ्या दाण्यांवर, एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने बाईंकडे अशा काही रागाने बघितलं, जणू आगाऊ निरोप न देता येणं ही कुठली रीत!

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"कोंबडी ना? पंधरा दिवस झाले."

"आजी!"

आजी भिंतीला टेकून खाली बसली. "पाचव्या महिन्यापासून पाणी खाली उतरेचना. सकाळी भरावं तर संध्याकाळपर्यंत तांब्याभर. घरात माणसं नऊ. सगळ्या वस्तीचं तेच झालं."

"मग मला सांगायचं नाही? दर महिन्याला येत होते मी!"

"येत होता की. पण तुम्ही पाण्याचं विचारायचं ते बाटलीला. आम्हाला म्हणायचा, चहा नको, उशीर होतोय."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं, कारण हे वाक्य त्या आताच, पाच मिनिटांपूर्वी, बोलल्या होत्या. त्यांच्या तक्त्यात बावीस रकाने होते. पाण्याचा रंग, वास, गढूळपणा, क्षार, काय काय. घरातली माणसं ते पाणी पितात का, असा रकाना एकही नव्हता.

"आणि बाटल्यांत भरलं ते?"

"ते झऱ्याचं," आजी म्हणाली. "खाली, अर्ध्या तासाच्या उतारावर. बारीक धार आहे, घागर भरायला तास जातो. पण पाणी गोड." तिने मान तिरकी केली. "पहिल्या महिन्यांत पाणी चांगलं निघालं की तुमचा चेहरा कसा खुलायचा, बघितलं होतं ना आम्ही. एवढ्या लांबून येता, उन्हात घरोघर फिरता. आमच्या दारातून तुम्ही तोंड पाडून जायचं? मग मीच पाळी लावली. तुमचा निरोप आला की एका घराने पहाटे उठायचं, घागर आणायची, चाळीस घरांत वाटायची. एकही पाळी चुकली नाही, बाई."

हसावं की रडावं हे बाईंना कळेना. तेवढ्यात नात रांगत आली आणि त्यांचा पाय धरून उभी राहिली. खाली दोन दात, वर दोन.

"आणि बाकीचे दिवस?" बाईंनी विचारलं. "ही काय पिते?"

आजीने नातीला उचलून मांडीवर घेतलं. "बोअरचं," ती म्हणाली.

परत येऊन बाईंनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते क्षणभर गंभीर झाले आणि मग त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळाला सरासरी लागते, सरासरी आपल्याकडे आहे. गाळणी पुढे सुधारता येईल. केक सांगून ठेवलाय मी."

"केक तुम्ही खा," बाई म्हणाल्या. "मी उद्या नापास म्हणून सांगणार आहे."

पण विभागप्रमुख काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाई बैठकीच्या खोलीत शिरल्या, तर तिथे पहिल्या रांगेत, धुतलेली साडी नेसून, हातात पुष्पगुच्छ धरून थोरली आजी बसलेली! विभागप्रमुखांनी सकाळीच जीप पाठवून तिला उचलून आणलं होतं. आणि आल्या आल्या तिच्या कानात भरलं होतं की आज गाळणी पडली तर बाईंची अकरा वर्षं मातीत जातील.

बाईंनी उभं राहून सरळ सांगितलं की पाचव्या महिन्यानंतरचे सगळे नमुने झऱ्याचे आहेत, गाळण्या तुंबल्या आहेत आणि हा निकाल धरू नये. खोलीत कुजबुज सुरू झाली. विभागप्रमुख हसत हसत उठले. "मॅडमचा स्वभावच असा, स्वतःचं कधी चांगलं म्हणायच्या नाहीत. आपण वापरणाऱ्यांनाच विचारू या ना!"

मंडळाचे अध्यक्ष आजीकडे वळले. "काय आजी, गाळणी कशी आहे?"

"सोन्यासारखी!" आजी ठणकावून म्हणाली.

"पाणी येतं?"

"धो धो!"

बाईंनी कपाळाला हात लावला. स्वतःची गाळणी वाईट आहे हे पटवायला वकील शोधायची वेळ याआधी कुठल्या प्राध्यापकावर आली नसेल. कोंबडीला साक्षीला आणलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या टेबलाला वळसा घालून आजीसमोर गेल्या, आणि आजीला मान तिरकी करावी लागू नये म्हणून खाली जमिनीवर बसल्या.

"आजी, तुम्हाला एक गोष्ट मी कधी सांगितलीच नाही. गाळणी पास झाली तर तुमच्याकडे नळ येणार नाही."

"कसला नळ?"

"धरणाचा. तो रद्द होणार. मग पुढे कायम हीच गाळणी."

आजीचा चेहरा बदलला. तिने विभागप्रमुखांकडे बघितलं, तर ते इथेही टांगलेल्या फलकाची दोरी सारखी करण्यात गुंतलेले.

"आता मला सांगा," बाई म्हणाल्या, "तुमच्या नातीला उद्यापासून याच गाळणीवर ठेवाल?"

पुष्पगुच्छ तिच्या मांडीवरून घसरला, तो तिने उचलला नाही. बाईंची अकरा वर्षं एका बाजूला आणि चार दातांची पोर दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही तिच्या एका शब्दावर. तिने बाईंचा हात धरला, घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली.

अध्यक्षांनी समोरच्या कागदावर एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. गाळणी नापास झाली, नळाची योजना कायम राहिली. बाईंनी सगळ्यांदेखत 'आभारी आहे' म्हटलं, प्रयोगशाळेत गेल्या, दार लावलं आणि पोटभर रडल्या. अकरा वर्षं काही थोडी नसतात. मामांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मिशीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शनिवारी बाई परत वस्तीत हजर. यावेळी त्यांनी आधी चहा घेतला, दोन कप. मग बायकांना गोळा करून म्हणाल्या, "माझ्यासाठी पहाटे उठून झऱ्यावर जात होतात ना? ती पाळी मोडायची नाही. नळ यायला वर्ष-दीड वर्ष जाईल. पाच वर्षांखालची नऊ पोरं आहेत इथे. त्यांच्यापुरत्या रोज तीन घागरी."

"रोज?" बायकांनी एका सुरात विचारलं.

"महिन्यातून एकदा मला फसवायला जमत होतं, मग पोरांसाठी रोज का नाही जमणार?"

"पाहुण्यासाठी उठायला हुरूप येतो हो," आजी म्हणाली. "घरच्यांसाठी उठायचं म्हणजे जिवावर येतं." पण पाळी तिनेच लावली आणि चुकणाऱ्याच्या दारात उभं राहून तोंड वाजवायचं कामही स्वतःकडेच घेतलं. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाळी एक वर्ष सात महिने चालली. मग नळ आला.

बाई निवृत्त झाल्या. आता घरी बसून त्या डॉक्टरांच्या चहाचे क्षार मोजतात, आणि न तुंबणाऱ्या गाळणीची आकडेमोडही करतात, पण त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नाही. मध्यंतरी आजी नातीला घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात आली होती. पोर सात वर्षांची झाली होती, पुढचे कायमचे दात नुकतेच वर आले होते, आणि बाईंनीच निरोप पाठवून त्यांना बोलावून घेतलं होतं.

डॉक्टरांनी नातीला खुर्चीत बसवलं, आ करायला लावलं, आणि दिवा जवळ ओढला. "छान आहेत," ते म्हणाले. "अगदी छान. फक्त ही एक रेघ बघ."

बाई वाकल्या. दोन्ही पुढच्या दातांवर, आडवी, खडूने ओढल्यासारखी एक बारीक पांढुरकी रेघ होती. तिच्या वर दात स्वच्छ, तिच्या खालीही स्वच्छ.

"मध्येच चार-पाच महिने काहीतरी बिघडलं होतं," डॉक्टर म्हणाले. "आधी ठीक, नंतर ठीक. कुठले महिने असतील हे?"

बाईंना हिशेब करावा लागला नाही. सरासरी बघून त्या फाईल बंद करत होत्या, तेच हे महिने. प्रत्येक महिन्याला चाळीस बाटल्या, आणि चाळीसही उत्तम.

"काय म्हणतात डॉक्टर?" आजीने खालून विचारलं.

बाईंनी तिला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. "ते पाच महिने माझे आहेत, आजी," त्या म्हणाल्या.

"पाच कुठले?" आजी फणकारली. "अडीच तुमचे, अडीच माझे."

"अहो, जबाबदारी माझी होती."

"आणि घागर कुणाची होती?"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. डॉक्टर मधे पडायचं सोडून हातातला आरसा पुसत बसले. नात आ वासून एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होती. तिला तोंड मिटायला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.